नाटकी पोर

"मी नाही येत जा," सुयुनबाय अगाय दगडावर बसकण मारून म्हणाले. "मळमळतंय. हात जड झालाय. मला घरी जायचंय."

तालाय खो खो हसला. मागे उभे होते तेही हसले. साठी उलटलेला, अस्वलासारखा दांडगा माणूस आठ वर्षांच्या पोराचं सोंग घेऊन ओठ काढून बसल्यावर हसू येणारच. बुरुलला मात्र आलं नाही. तिची कानशिलं तापली.

उन्हाळ्यात शाळेच्या पोरांना डोंगरात न्यायला जी मोठी माणसं हौसेने पुढे येत, त्यांचं हे शिबिर. काराकोल शहराच्या वरच्या खोऱ्यात ते दर वर्षी अगायच, म्हणजे गुरुजीच, घेत. आज शेवटचा धडा होता. अगाय हट्टी पोर होणार, आणि तुकडीची म्होरकी म्हणून बुरुलने त्याला खिंडीपर्यंत न्यायचं. खिंड समोर दिसत होती. तिथे पोचलं की सगळेच पास.

"रडक्या पोराचे लाड करायचे नाहीत," सकाळी चहा पिताना अगायनी बजावलं होतं. "हाताला धरून ओढायचं. वर गेलं की आपोआप गप्प होतं."

हे वाक्य बुरुलच्या घरापर्यंत आधीच पोचलेलं होतं. मागल्या उन्हाळ्यात तिची मुलगी मेरिम पाय दुखतोय म्हणून थांबली, तेव्हा अगायच्याच हाताखाली शिकलेल्या म्होरक्याने तिला चारचौघांत 'नाटकी' म्हटलं आणि पुढे रेटलं. पोर बिचारी खिंडीपर्यंत गेली. घरी येऊन मोजा काढला, तर टाचेचं कातडं मोज्याबरोबर निघून आलं. जखम भरली, नाव चिकटलं ते चिकटलंच. वर्गात अजून तिला नाटकीच म्हणत. केस कापायचं दुकान बंद ठेवून बुरुल या शिबिराला आली ती शिकायला नाही, भांडायला. आणि आल्यापासून तोंड शिवून बसली होती.

"अगं ताई, ओढ की!" तालाय ओरडला. तो काराकोलचा बसवाला. गाडीत काय आणि डोंगरात काय, त्याचा आवाज एकच. "दुकानात गिऱ्हाइकाची मान वाकवतेस तशी वाकव!"

बुरुलने अगायकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"उतरायचं," ती म्हणाली. "सगळ्यांनी. आत्ताच्या आत्ता."

"डोकं फिरलं का तुझं? खिंड ती बघ, हाताशी आलीय!"

"पोराला बरं वाटत नाहीये."

"कुठलं पोर? नाटक करतायत ते!"

"नाटक असलं तर खिंड कुठे पळून जात नाही!" बुरुल किंचाळली. इतकी, की वरच्या कपारीतले कावळे उडाले. "आणि नाटक नसलं तर पोर कुठून आणू मी? तू देशील आणून?"

मग अगाय दगडाला हात टेकून उठले. चेहरा दगडासारखाच झाला होता.

"पुरे झालं. सोंग होतं ते. चला वर."

"तुम्हीच म्हणालात, आज पोर तुम्ही आणि म्होरकी मी. पोराने पायाखाली बघून चालायचं." तिने त्यांच्या खांद्यावरची पिशवी हिसकली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली. "चला खाली."

"नापास झालीस तू! कोकरूसुद्धा कोणी सोपवणार नाही तुझ्यावर!"

"नाही सोपवलं तर नाही."

उतार संपेपर्यंत दोघांची तोंडं चालू होती. अगाय तिच्या अकलेचा उद्धार करत होते. तिनेही मग मनात साठलेलं सगळं ओकून टाकलं: मेरिमची टाच, तो मोजा, ते नाव. "तुमची शिकवण ती! तुमची!" दोनदा बुटाचे बंद सुटले म्हणून ते वाटेत बसले. पिशवीवरून त्यांनी तिला शिव्या घातल्या, पण पिशवी काही परत मागितली नाही. मागून तालाय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता, "एका बाईच्या हट्टापायी अख्खा दिवस पाण्यात!"

खाली तंबूंजवळ बोरसोक, कणकेचे फुगरे तुकडे, तळायला घातले होते. माणसं धुसफुसत चहाकडे गेली. बुरुलला कोणी ये म्हटलं नाही. तिने आपलं सामान भरायला घेतलं. बक्कल लागेना, तिने ते आपटलं. नापास तर नापास. पण एक गोष्ट राहिली होती, आणि ती मनात ठेवून काराकोलला परत गेली असती तर तिला घास गोड लागला नसता.

अगाय गाडीच्या चाकाला टेकून गवतावर बसले होते. एकटेच. ती तरातरा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"शाळा उघडली की यायचं," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या वर्गासमोर उभं राहायचं आणि तिची माफी मागायची. तुमचा पास झाल्याचा कागद नको मला. एवढंच पाहिजे."

अगायनी मान वर केली. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. ते काहीतरी पुटपुटले. ऐकू येईना म्हणून बुरुलला रागारागात का होईना, वाकावं लागलं.

"मागेन," ते म्हणाले. "आधी तालायला गाडी काढायला सांग, बाई. दगडावरचं ते पोर खोटं बोलत नव्हतं."