तिसऱ्याच्याच अंकात

रविवारपासून नवरा-बायकोत अबोला होता. नवरा कॉमिक्स वाचत भिंतीला ऐकवत होता. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं.

"गेल्या अंकात या दोन सुपरहिरोंनी एकमेकांचं तोंड न बघण्याची शपथ घेतली. या अंकात मांडीला मांडी लावून गप्पा! मग भांडण मिटलं कुठे? तर म्हणे, तिसऱ्याच सुपरहिरोच्या अंकात. तो मी घेतच नाही! एका गोष्टीसाठी काय अख्खं दुकान घरी आणायचं?"

समोर चहाचा कप आला. पाठोपाठ बायको शेजारी येऊन बसली.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "आपलं कधी मिटलं?"

"लेकीच्या अंकात. काल ऑफिसातून तिला फोन करून 'चूक माझीच होती' म्हणालात ना?" ती म्हणाली. "तो अंक मी न चुकता घेते."