जुळवून घेत नाही

विमान कंपनीच्या वैमानिक भरतीत, सिम्युलेटर चाचणीला मला होरिया नावाच्या दुसऱ्या उमेदवाराबरोबर जोडीने बसवलं होतं. धुक्यात धावपट्टी दिसत नव्हती, तरी तो विमान खाली नेतच राहिला. मी दोनदा म्हटलं, "वर घे." तो म्हणाला, "दिसेल गं, दिसेल." शेवटी मीच ताबा घेतला आणि विमान वर नेलं.

आठवड्याने पत्र आलं, 'सहकाऱ्याशी जुळवून घेत नाही.' हा माझा सातवा नकार.

आज आईला घेऊन त्याच कंपनीच्या विमानाने क्लुजला घरी चालले आहे. खिडकीबाहेर नुसतं पांढरं आहे, पंखाचं टोकही दिसत नाही. विमान टेकलं की सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवणारी आई माझा हात घट्ट धरून बसली आहे.

"इलिंका, उतरता येईल ना गं यांना?"

"नाही दिसलं तर वर घेतात, आई. एवढं साधं असतं ते."

तेवढ्यात स्पीकर खरखरला. "नमस्कार, मी आपला सहवैमानिक होरिया. धुकं आहे थोडं, पण दिसेल, दिसेल."



आईने टाळ्यांसाठी हात सोडवून घेतला. "बघ, किती शांत बोलतो. अशी माणसं घेतात ते."