रोलरपुढची जाळी

सत्तावन साली आमच्या जालन्याच्या मुलींच्या शाळेत जिनिंग कारखान्याचे इंजिनियर साहेब दर शनिवारी फुकट शिकवायला येत. "पोरींनो, यंत्राला डोकं लागतं, मिशा लागत नाहीत," असं म्हणत. मी ते खरं मानलं.

त्याच कारखान्यात कापूस लावताना सरकी काढायच्या जिनाच्या रोलरमध्ये माझ्या आईची दोन बोटं गेली होती. मी रोलरपुढं बसवायच्या जाळीचं चित्र काढून साहेबांना दिलं. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी साहेबांनी तीच जाळी फळ्यावर काढली. "ही माझी कल्पना. आजच आमच्या सगळ्या जिनांना बसली आहे."

मी उभी राहिले. "साहेब, माझं चित्र?"

"कोणतं चित्र?" म्हणत त्यांनी फळा पुसला.

संध्याकाळी आई हसतच घरी आली. "गोदे, साहेबानं जाळी बसवली बघ. आता कोणाचीच बोटं जायची न्हाईत."

मग उरलेल्या तीन बोटांचा हात माझ्या गालावरून फिरवत म्हणाली, "तूबी त्यांच्यावानी डोकं चालवायला शीक."