मांजरपावली गाडी

बाबांची जुनी हायब्रिड गाडी बॅटरीवर चालताना मांजराच्या पावलांनी फाटकात शिरायची आणि सोफ्यावर नाचणारं अख्खं घर, आजीसकट, रंगेहाथ सापडायचं. मग बॅटरी गेली. पोरांच्या मेकॅनिक मामाने ती बदलून दिली, तर नवीनही आठवड्यात मान टाकायला लागली. आता पेट्रोलचं इंजिन कोपऱ्यापासूनच बोंबलत यायचं. बाबा घरात येईस्तोवर पोरं पुस्तकात आणि आजी घोरत!

"मेहुणे, कसली बॅटरी बसवलीत ही?" बाबा सोफ्यापाशी उभे राहून कडाडले. "आजच्या आज दुसरी हवी!"

"बघतो, भाऊजी," मामा खालमानेने म्हणाला.

बाबा पाय आपटत आत गेले.

 

आजीने घोरता घोरता एक डोळा उघडला. "मामा, या वेळीही हुडकून हुडकून मरतुकडीच आण हं!"