रोम, कैरो, मग मार्गासनी

मास्तरांनी तार वाचून दाखवली. सारजाबाईनं कागद हातात घेतला, चार घड्या घातल्या आणि विचारलं, "मास्तर, लंडनवरनं मुंबईला इमानाला किती येळ लागतो?"

सावळाराम मास्तरांनी चष्मा काढून पुसला. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलं. "पावणेपाच हजार मैल. मधे रोम, मग कैरो. दीड दिवस धरा."

"नावं परत सांगा."

"रोम. कैरो."

वेल्ह्यापासून धनगरवाड्यापर्यंत चढभर ती तीच दोन नावं घोकत राहिली.

घरी तिचा नवरा हैबती घोंगडीवर पडून होता. छाती भात्यासारखी वाजत होती. वैद्यानं आठ दिवसांपूर्वीच मान हलवली होती. पण मुंबईच्या शेटजींबरोबर विलायतेला गेलेला मुलगा नाथा एकदा डोळ्यांनी दिसावा, एवढ्यावर म्हाताऱ्याचा जीव अडकून होता.

"येतोय त्यो," उंबऱ्यातूनच ती म्हणाली. "शेटजींनी इमानाचं तिकीट काढलंय. आजच निघाला."

सांज झाली, मेंढरं वाड्यात शिरली, तेव्हा हैबतीनं विचारलं, "मुक्काम कुठं कुठं?"

"रोम. मंग कैरो."

"मंग चार दिस धर."

"मास्तर म्हनत्यात, दीड."

"मास्तरानं कवा मेंढरं हाकलीत? तळ पडला की रात काढायची. इमान झालं तरी दमतंच की."

सारजाबाई हसली आणि पदर तोंडाला लावून चुलीकडं वळली.

दुसऱ्या सांजेला त्यानं विचारलं, "पोचला का रोमला?"

"पोचला. लई थंडी हाय म्हनं तिथं."

"घोंगडं हाय ना त्याच्यापाशी?"

"हाय की. तुमचंच न्हेलंय."

शेजारची ठकुबाई दारात उभी होती. "अगं, इमान हाय का बैलगाडी?"

"तुजा म्हातारा मार्गासनीला जाऊन तिसऱ्या दिशी येतो," हैबती धापा टाकत म्हणाला. "ह्यो तर समिंदरापल्याडनं येतोय."

ठकुबाई हसत हसत गेली.

तिसऱ्या सांजेला त्याचा श्वास तुटक झाला. सारजाबाई उशाशी बसली आणि भराभरा बोलू लागली.

"कैरो सुटलं बगा. आता मुंबई. मंग आगगाडीनं पुणं. पुण्यावरनं येष्टी. मार्गासनीला उतरला की विंझरवरनं चालतच यील, त्याला काय, वाट पायाखालची. तवर दम धरा."

"सारजे."

"आं?"

त्यानं चाचपत तिचा हात धरला. "लई चाललीस त्याच्यासंगं. आता बस हितं."

"असं का म्हनताय?"

"तीन सांजा झाल्या, बिरोबापुढं दिवा न्हाई लावलास. पयल्याच सांजेला कळलं मला, घराला सुतक हाय."