लॉगबुकातली ओळ

ती बुटकी, म्हणून विमान चालवायला शिकताना उशी घेऊन बसायची. शेवटच्या परीक्षेला मास्तरांनी वर्गासमोर ती उशी बुडाखालून ओढून काढली. “उशीवरच बसायचं तर घरी बस ना,” म्हणत त्यांनी तिच्या उड्डाणांच्या नोंदवहीत, लॉगबुकात, लाल शाईने लिहिलं, ‘उशीशिवाय धावपट्टी दिसत नाही. नापास.’ पुढच्या खेपेला ती पास झाली, पण लॉगबुकातलं खोडता येत नाही. पुढे नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत साहेब लोक तेच पान उघडून गालातल्या गालात हसले. बावीस वर्षांनी मास्तर परवान्याच्या नूतनीकरणाला आले, तेव्हा परीक्षक तीच होती. वयाने मास्तरांची पाठ वाकलेली. मान ताणूनही त्यांना समोरचं दिसेना. “मॅडम, खाली घ्यायला काही मिळेल?” तिने जपून ठेवलेली तीच उशी पुढे केली. “बसा, मास्तर.” विमान त्यांनी झकास उतरवलं. “पास ना?” “पास की.” मग त्यांच्या लॉगबुकात तिने लाल शाईने, सावकाश लिहिलं, ‘उशीसह पास.’