पाय धुण्याची रात्र

"क्रेगहेवन वगळलं तरी चालेल," मागच्या सीटवरून नेटी म्हणाली.

गाडी चालवणाऱ्या रोनानं आरशातून पाहिलं. "दिवस तुमचा, गाडी तुमच्या दिमतीला, मिसेस लक्लेअर. पण क्रेगहेवन वगळलं तर माझी आजी स्वर्गातून उतरून माझा कान पिरगाळेल. तिचं माहेर ते."

नेटीनं काळा चष्मा सारखा केला आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. खरं तर त्या एका गावासाठीच ती कॅनडाहून आली होती. सेंट अँड्र्यूज, क्रेल, पिटनवीम ही नावं तिनं सहलीत घातली ती निव्वळ लाज झाकायला. आता गाव जवळ येत चाललं, तसं ते टाळावंसं वाटत होतं.

किनाऱ्यावरच्या या गावांत लग्नाच्या आदल्या रात्री नवऱ्या मुलीचे पाय धुतात. मैत्रिणी हसत-खिदळत आधी पायांना काजळी फासतात, मग धुतात. नेटीचेही तरुणपणी, ती नेटी गॉवन्स असताना, क्रेगहेवनला धुतले होते. काजळी नखांत तशीच असताना ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि होणाऱ्या नवऱ्याला, ॲलेक डॉईगला म्हणाली, "माझ्यानं हे लग्न होणार नाही. सगळा जन्म मासे चिरण्यात घालवायचा नाही मला."

ॲलेक भांडला नाही. पहाटेच्या बसपर्यंत त्यानंच तिची बॅग उचलून नेली. "तू जा. लोकांना काय सांगायचं ते मी बघतो," एवढंच म्हणाला.

एवढ्या चांगल्या माणसाला तिनं भरल्या गावासमोर तोंडघशी पाडलं. त्यानंतर आईला पत्र टाकायचं धाडस तिला कधी झालं नाही. बाजारात पोरीवरून टोमणे ऐकणारी आई आपलं अक्षर पाहून पत्र चुलीत घालेल, असं वाटायचं. पुढे संसार झाला, नवरा गेला. रोज सकाळी स्तोत्र म्हणून झालं की ती देवाजवळ ॲलेकची माफी मागायची. पण देवानं माफ केलं तरी ज्याची मागायची त्याच्याकडे मागायची राहिलीच होती. या वयात पुन्हा एवढा प्रवास काही होणार नव्हता. आज नाही तर कधीच नाही.

दुपारी अँस्ट्रदरच्या बंदरावर दोघी मासे-बटाटे खायला बसल्या. पलीकडच्या टेबलावरच्या एका पाहुण्यानं खणखणीत आवाजात सॅमन मासा मागितला. भिंतीशी बसलेल्या दोन म्हाताऱ्या कोळ्यांनी चटकन टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावला. त्या माशाचं नाव या किनाऱ्यावर अशुभ. कानावर पडलं की लोखंडाला शिवायचं.

नेटीचाही हात खाली गेला होता.

रोना बटाटा चावायची थांबली. "कॅनडातही लोखंडाला हात लावतात वाटतं?"

नेटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "लहानपणी राहिलेय मी इकडे," ती पुटपुटली. मग धीर करून तिनं विचारलं, "क्रेगहेवनला ॲलेक डॉईग म्हणून कोणी असतो का अजून?"

"ॲलेककाका? असतो की. धक्क्यावर खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करत बसलेला असेल." रोनाचा आवाज उतरला. "फक्त एक करा. त्याच्यासमोर लग्नाचा विषय काढू नका. गावात कुणीच काढत नाही."

म्हणजे गाव काही विसरलं नव्हतं. नेटीनं ताट बाजूला सारलं.

धक्का तसाच होता. ॲलेक मात्र वाकला होता, पांढरा झाला होता. शेजारी बाकावर एक म्हातारा पाइप ओढत बसला होता. रोना गाडी लावायला गेली, तशी नेटी पुढे झाली आणि तिनं चष्मा काढला.

"ॲलेक," ती हळूच म्हणाली. "माफी मागायला आलेय."

ॲलेकच्या हातातली दोरी सुटली. बाकाकडे पाहत तो मोठ्यानं म्हणाला, "तुमची काहीतरी गल्लत होतेय बाई."

"होऊ दे की गल्लत," बाकावरचा म्हातारा हसला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी बाई तुझ्याकडे आपल्या पायानं आली."

"तू पाइप ओढ, टॅम," ॲलेक म्हणाला. त्याचा चेहरा मानेपर्यंत लाल झाला होता. पडलेली दोरी उचलायला तो वाकला आणि तिला एकटीला ऐकू जाईल इतपत बोलला, "आधी चर्चच्या आवारात जाऊन ये. कुणी कुणाची माफी मागायची, ते मग ठरव."

त्यानं वर पाहिलंच नाही. नेटीला वाटलं, बरोबरच आहे त्याचं. आपल्याशी ओळखसुद्धा सांगायची नाहीये त्याला. आणि आधी आईच्या थडग्यापुढे जाऊन उभी राहा, मग इतरांच्या माफीचं बोल, असंच म्हणायचं असणार. तिनं मान खाली घातली आणि ती चढ चढू लागली. मागून रोनाही आली.

आईच्या थडग्याचा दगड समुद्राकडच्या भिंतीजवळ होता. नेटी गवतात गुडघ्यांवर बसली. डोळे मिटून तिनं आईची क्षमा मागितली. सगळे टोमणे तू एकटीनं सोसलेस, म्हणाली.

डोळे उघडले तेव्हा तिचं लक्ष शेजारच्या लहान दगडाकडे गेलं. त्याच्यापुढे ताजी फुलं होती. दगडावर कोरलं होतं: 'नेटी गॉवन्स. लग्नाच्या आदल्या रात्री समुद्रानं नेली.'

"हिच्यामुळेच म्हटलं, लग्नाचा विषय काढू नका," रोना हलक्या आवाजात म्हणाली. "हिची आई बिचारी त्यानंतर वर्षभरही जगली नाही. या पोरीला लाटेनं ओढून नेलं ना, ते ॲलेककाकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं."